तुर्की खोगिरातील ग्रंथी

सरकारी नोकराचे आयुष्य त्याच्या सेवापुस्तकात साठत जाते. नेमणुकीची तारीख, बदल्यांच्या नोंदी, रजांचे हिशेब, वेतनवाढी आणि दर काही वर्षांनी नव्या ओळखपत्रासाठी काढलेली छायाचित्रे. आमच्या परिचयातील एक गृहस्थ सांगलीहून निघाले ते पंचवीस वर्षे उत्तरेकडील चार राज्यांत फिरत राहिले. १९८३ साली एका तरुण डॉक्टराने त्यांची तीन जुनी ओळखपत्रे मागून घेतली आणि ती टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिल्या चित्रात सडपातळ चेहऱ्याचा तरुण होता. दुसऱ्यात नाक व ओठ जाड झाले होते. तिसऱ्यात भुवयांचे हाड पुढे आले होते, जबडा रुंदावला होता आणि दातांमध्ये फटी पडल्या होत्या. कचेरीत सगळे म्हणत असत की, साहेब आता भारदस्त दिसू लागले. जोडे दोन नंबरांनी वाढले तेव्हा दोष चांभाराला दिला गेला. लग्नातली अंगठी बोटात रुतून बसली आणि सोनाराकडून कापून काढावी लागली, तेव्हा घरात थोडा विनोदही झाला. फक्त त्यांच्या पत्नी म्हणत राहिल्या की, हा लठ्ठपणा नव्हे, हे हात माझ्या ओळखीचे राहिले नाहीत. पुढे ते दोन्ही बाजूंनी दारांच्या चौकटींना धडकू लागले. दोन वर्षांत तीनदा चष्मा बदलला. दोष चष्म्यात नव्हता.

त्या डॉक्टराने त्यांना मोठ्या शहरातील एका रुग्णालयात धाडले. तेथे यंत्राच्या कड्यात डोके ठेवून ते अर्धा तास निजले आणि संध्याकाळी काळ्यापांढऱ्या चित्रांचे एक पान हाती आले. मेंदूच्या तळाशी, जेथे वाटाण्याएवढी ग्रंथी असावी, तेथे मोठ्या बोराएवढी गाठ स्पष्ट दिसत होती. त्यांच्या शरीरात दहाबारा वर्षे चाललेला कारभार त्या एका पानावर उघडा पडला. असे पान काढता येणे ही गोष्ट तेव्हा केवळ बारा वर्षांची होती. परंतु त्या ग्रंथीला पाहण्याची माणसाची धडपड शतकांची आहे. त्या धडपडीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटले.

या ग्रंथीला मराठी ग्रंथांत पोष ग्रंथी म्हणतात. पीयूषिका असेही नाव आढळते. तिचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळापासून सरळ मागे गेल्यास, कवटीच्या तळाच्या हाडात एक खळगा लागतो. त्याचा पुढचा आणि मागचा काठ उंच असल्याने जुन्या शारीरशास्त्रज्ञांना तो तुर्की घोडेस्वाराच्या खोगिरासारखा वाटला, आणि तुर्की खोगीर हेच त्याचे शास्त्रीय नाव झाले. या खोगिरात ग्रंथी बसलेली असते आणि एका बारीक देठाने वरच्या मेंदूला जोडलेली असते. तिच्या वर डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंची फुली असते. दोन्ही बाजूंस मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या, आणि खाली नाकामागील हाडाची पोकळी. शरीरात यापेक्षा अधिक संरक्षित आणि यापेक्षा अधिक अडचणीची जागा शोधून सापडणार नाही.

ग्रंथी एवढीशी असली तरी शरीराची वाढ, अवटु ग्रंथीचे व अधिवृक्क ग्रंथीचे कार्य, स्त्रीपुरुषांची प्रजननशक्ती, आईचे दूध आणि मूत्राचे प्रमाण हे सारे तिच्या स्रावांवर अवलंबून असते. म्हणून तिला ग्रंथींची राणी म्हणण्याची प्रथा पडली. वस्तुतः ती राणी नव्हे. वरच्या मेंदूकडून येणाऱ्या आज्ञा ती खालच्या खात्यांकडे पाठवते आणि खालून आलेल्या अहवालांवरून आपली मात्रा कमीअधिक करते. सरकारी यंत्रणेत वावरणाऱ्या आमच्या वाचकांना हे पद नेमके कोणते, हे अधिक सांगावयास नको. मात्र या खात्यातील माणूस मनमानी करू लागला, किंवा अचानक कामच थांबवून बसला, तर साऱ्या संस्थानाचे काय होते, हेही त्यांना ठाऊक असेल.

प्राचीनांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेने असे मानले होते की मेंदूतील मळ या ग्रंथीतून गाळून नाकात उतरतो, आणि तोच शेंबूड. १५४३ साली आंद्रेआस व्हेसेलियसने मानवी शरीररचनेवरील आपला युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला. गॅलेनच्या कित्येक चुका त्याने दाखवल्या, पण ही समजूत मात्र तशीच ठेवली. ग्रंथीच्या पाश्चात्त्य नावातच शेंबूड या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत श्नायडर आणि इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर यांनी दाखवून दिले की कवटीच्या तळातून नाकाकडे असा मार्गच नाही. समजूत गेली, नाव राहिले. ही ग्रंथी खरोखर काय करते, हा प्रश्न त्यानंतरही दोनशे वर्षे तसाच पडून होता.

१८८६ साली पॅरिसमध्ये प्येर मारी या वैद्याने हातपाय व चेहरा विलक्षण वाढलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले आणि त्या रोगाला नाव दिले. मराठीत आपण त्याला विशालांगता म्हणतो. पुढच्याच वर्षी ऑस्कर मिंकोव्हस्की याने लक्ष वेधले की अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात पोष ग्रंथी वाढलेली आढळते. ग्रंथी वाढल्यामुळे रोग होतो की रोगामुळे ग्रंथी वाढते, यावर वीस वर्षे वाद चालला. त्यातील खरी अडचण ही होती की ग्रंथी केवळ मेल्यावर दिसत होती. रोगी जिवंत असेतोवर वैद्याजवळ साधन होते ते डोळ्यांच्या तपासणीचे. गाठ वर वाढली की ती मज्जातंतूंच्या फुलीवर दाब देते, आणि त्या फुलीत बाहेरच्या बाजूंची दृष्टी वाहणारे तंतूच एकमेकांस ओलांडत असल्याने रुग्णाला समोरचे दिसते, पण दोन्ही कडांचे दिसेनासे होते. आमचे गृहस्थ चौकटींना धडकत ते याच कारणाने.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्हुर्ट्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन याला क्ष-किरणांचा शोध लागला आणि काही वर्षांतच वैद्यांनी कवटीची छायाचित्रे काढून खोगिराची मापे घेण्यास सुरुवात केली. क्ष-किरणांना मऊ ग्रंथी दिसत नव्हती. दिसत होते ते भोवतालचे हाड. गाठ मोठी असली तर खोगीर फुगे, त्याचा तळ पातळ होई, मागचा काठ झिजे. घर विस्कटलेले पाहून आतल्या माणसाचा अंदाज करण्यापैकी हा प्रकार होता. व्हिएन्नाच्या आर्थर श्यूलर यांनी या अंदाजाचे शास्त्र केले. कवटीच्या तळाच्या क्ष-किरण चित्रांवरील त्यांचा ग्रंथ १९०५ सालचा आहे, आणि मेंदूच्या क्ष-किरणशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९०७ साली इन्सब्रुक येथे हेर्मान श्लोफर याने नाकाच्या मार्गाने पोष ग्रंथीच्या गाठीवर पहिली शस्त्रक्रिया केली, तीही असे विस्तारलेले खोगीर चित्रात पाहूनच. श्यूलर यांच्या उत्तरायुष्याची हकीकत मात्र विषण्ण करणारी आहे. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला. वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्यांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पुन्हा काम आरंभले. मागे राहिलेले त्यांचे दोन्ही पुत्र नाझी हत्याकांडात बळी पडले. ते स्वतः १९५७ साली परक्या भूमीतच वारले.

अमेरिकेत हार्वे कुशिंग याने १९०९ साली विशालांगतेच्या एका रुग्णाच्या ग्रंथीचा काही भाग काढला आणि रुग्णाची लक्षणे ओसरलेली पाहिली. गाठ हे रोगाचे कारण आहे, परिणाम नव्हे, या मताला त्यामुळे बळकटी आली. १९१२ साली त्याने या ग्रंथीच्या विकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु १९३२ साली ज्या रोगाला पुढे त्याचेच नाव मिळाले, त्याचे वर्णन करताना एक नवाच पेच समोर आला. चेहरा चंद्रासारखा गोल होणे, पोटावर जांभळे पट्टे उमटणे, हाडे ठिसूळ होणे, रक्तदाब वाढणे, असा हा रोग. आणि त्याच्या मुळाशी असलेली गाठ कित्येकदा ज्वारीच्या दाण्याएवढी. एवढ्या गाठीने खोगीर फुगत नाही, आणि खोगीर फुगले नाही तर क्ष-किरण मुके. अपराध मोठा आणि अपराधी दिसेना, अशी स्थिती झाली.

मधल्या काळात दोन उपाय निघाले. बॉल्टिमोर येथे वॉल्टर डँडी याने १९१८ साली मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढली आणि पुढच्याच वर्षी ती हवा पाठीच्या कण्यातून सोडण्याची रीत सांगितली. हवा काळी उमटते आणि तिच्या कडेने गाठीचा वरचा घुमट रेखला जातो. लिस्बनच्या एगास मोनिश याने १९२७ साली रोहिण्यांत क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव सोडून मेंदूतील रक्तवाहिन्यांचे चित्र घेतले. गाठीमुळे वाहिन्या बाजूला सरकल्या की तीवरून गाठ ताडता येई. दोन्ही उपाय बुद्धिमान होते आणि दोन्ही क्लेशकारक. हवेच्या तपासणीत रुग्णाला खुर्चीला बांधून उलटसुलट फिरवावे लागे. डोके फुटेल अशी वेदना आणि वांत्या कित्येकदा दोनतीन दिवस चालत. ज्यांनी ही तपासणी भोगली, त्यांपैकी पुष्कळांनी पुन्हा ती करून घेण्यास साफ नकार दिला, असे जुने डॉक्टर सांगत.

१९६० नंतरच्या दशकात हा प्रश्न निकडीचा झाला, कारण इतर शास्त्रे पुढे निघून गेली. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी १९५९–६० च्या सुमारास रक्तातील अत्यल्प अंतःस्राव किरणोत्सर्गी द्रव्याच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत सिद्ध केली. यॅलो यांना त्यासाठी १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तत्पूर्वीच, १९७२ साली, निवर्तले होते. माँट्रियल येथे ज्यूल हार्डी याने शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नाकाच्या मार्गाने, निरोगी ग्रंथीला धक्का न लावता केवळ गाठ काढून दाखवली, आणि दहा मिलिमीटरहून लहान गाठींचा एक वेगळा वर्गच त्याने मानला. त्याच शहरात हेन्री फ्रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली दूध उत्पन्न करणारे प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन माणसाच्या रक्तात मोजण्याची रीत दिली. तोवर पाळी थांबलेल्या, मूल न होणाऱ्या, आणि प्रसूतीवाचून स्तनांतून दूध येणाऱ्या कितीतरी स्त्रियांना निदान नव्हते. काहींना तर रोग मनाचा आहे, असे सांगून परत पाठवले जात असे. आता रक्त सांगू लागले की, दोष मनाचा नाही, ग्रंथीचा आहे. शस्त्रवैद्य म्हणू लागला की, मी तीन मिलिमीटरची गाठही काढीन. उणीव राहिली होती ती एवढीच की, गाठ आहे कोठे, हे कोणी दाखवू शकत नव्हते.

ही उणीव भरून काढणारी दोन्ही माणसे वैद्यकातली नव्हती. ॲलन कॉर्मॅक हा दक्षिण आफ्रिकेतील पदार्थविज्ञानाचा अध्यापक. १९५६ साली केपटाऊनच्या ग्रूटे स्कूर रुग्णालयात भौतिकतज्ज्ञाची जागा रिकामी झाल्याने आठवड्यातून दीड दिवस तेथे देखरेखीचे काम त्याच्या वाट्याला आले. क्ष-किरण शरीराच्या कोणत्या भागात किती शोषले जातात, हे अनेक दिशांनी मोजले तर आतील प्रत्येक बिंदूची घनता गणिताने काढता येईल, हे त्याने ओळखले. १९६३ आणि १९६४ साली त्याने दोन निबंध प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणारे एक चमत्कारिक पत्र आले, ते स्वित्झर्लंडमधील हिमप्रपातांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून. डोंगरावरील बर्फाचे थर मोजण्यास ही युक्ती उपयोगी पडेल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्याहून गमतीची गोष्ट अशी की हे गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडोन याने १९१७ सालीच सोडवून ठेवले होते, आणि कॉर्मॅकला ते पुष्कळ वर्षांनी कळले. दप्तरखान्यात कागद असून टेबलावर नसणे, हा प्रकार केवळ कचेऱ्यांतच घडतो असे नाही.

दुसरा गॉडफ्रे हाउन्सफील्ड. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशरच्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. विद्यापीठाची पदवी त्याच्याजवळ नव्हती. युद्धकाळात विमानदलात रडारचे काम शिकला आणि १९५१ साली ईएमआय या कंपनीत लागला. ही कंपनी जगाला माहीत होती ती गाण्यांच्या तबकड्यांमुळे. १९६७ च्या सुमारास त्याला सुचले की, बंद पेटीत काय आहे हे पेटी न उघडता सर्व बाजूंनी मोजमापे घेऊन सांगता यावे. कॉर्मॅकचे काम त्याला ठाऊक नव्हते. खर्चाचा मोठा वाटा ब्रिटिश आरोग्यखात्याने उचलला. पहिल्या प्रयोगात किरणोत्सर्गी द्रव्याचे गॅमा किरण वापरले. एका चित्राची मोजमापे घेण्यास नऊ दिवस लागले आणि त्यांचे गणित करण्यास संगणकाला अडीच तास. क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले. खाटकाकडून आणलेले बैलाचे मेंदू या यंत्राखाली प्रथम ठेवले गेले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात जेम्स अँब्रोझ या क्ष-किरणतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पहिल्या रुग्णाचे, एका स्त्रीचे, चित्र घेतले गेले आणि तिच्या मेंदूच्या पुढील भागातील गाठ स्पष्ट दिसली. यंत्र डोक्याभोवती एकेक अंशाने १८० वेळा फिरे आणि प्रत्येक स्थितीत १६० वाचने घेई. म्हणजे एका छेदासाठी २८,८०० वाचने. त्यांतून आडवे ८० आणि उभे ८० अशा चौकटींचे चित्र तयार होई. प्रत्येक चौकटीस घनतेचा आकडा मिळे. पुढे रूढ झालेल्या मापनात पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, दाट हाडाचा सुमारे अधिक १०००. या एककाला आता हाउन्सफील्डचेच नाव आहे. एप्रिल १९७२ मध्ये ही वार्ता जाहीर झाली, आणि १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांना मिळून दिले गेले. यालाच आज खेड्यातील माणूसही सीटी स्कॅन म्हणतो.

पोष ग्रंथीच्या बाबतीत मात्र हे यश एका दिवसात आले नाही. आरंभीच्या यंत्राचा एकेक छेद तेरा मिलिमीटर जाड असे. सगळे खोगीरच त्याहून लहान. म्हणजे एकाच छेदात ग्रंथी, हाड, हवा आणि पाणी यांची सरमिसळ होऊन आकडे भलतेच येत. खोगिराबाहेर डोकावणारी मोठी गाठ तेवढी दिसे. तथापि तेवढ्यानेही हवेची ती यातनामय तपासणी झपाट्याने मागे पडू लागली, हे काही थोडे नव्हे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नवी यंत्रे आली. छेद दीड मिलिमीटरपर्यंत पातळ झाले. रुग्णाची मान मागे टाकून, डोके लोंबते ठेवून, खोगिराचा समोरून उभा छेद सरळ घेता येऊ लागला. रक्तात आयोडीनयुक्त द्रव सोडला की निरोगी ग्रंथी उजळते, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना असतो तसा अटकाव हिच्या वाहिन्यांना नसतो. आणि लहान गाठ सामान्यतः कमी किंवा उशिरा उजळत असल्याने काळसर ठिपक्यासारखी दिसते. ग्रंथीची उंची वाढली आहे काय, तिचा माथा फुगला आहे काय, देठ एका बाजूस कलला आहे काय, खोगिराचा तळ कोठे खचला आहे काय, हे प्रश्न प्रथमच जिवंत माणसाच्या बाबतीत थेट विचारता येऊ लागले.

यातून तीन मोठी कामे झाली. पहिले असे की, रिकाम्या खोगिरांचा उलगडा झाला. काही माणसांचे खोगीर मोठे असते, पण त्यात गाठ नसून केवळ मेंदूभोवतीचे पाणी उतरलेले असते आणि ग्रंथी तळाशी चपटी होऊन पडलेली असते. १९५१ साली डेन्मार्कच्या बुश याने या स्थितीला रिकामे खोगीर हे नाव दिले होते. साध्या क्ष-किरण चित्रात ते आणि गाठ एकसारखेच दिसत. परिणामी, गाठ नसलेल्या माणसांवरही किरणोपचार आणि शस्त्रक्रिया झाल्या. सीटीने आकडा दाखवला; तो पाण्याचा निघाला की शस्त्र खाली ठेवले गेले. आपल्याकडे निरर्थक भर घालण्याला खोगीरभरती म्हणतात. येथे भरती नसल्याचे कळणे हेच रुग्णाचे भाग्य ठरले. दुसरे काम मुलांच्या बाबतीत झाले. खोगिराच्या वर वाढणाऱ्या एका प्रकारच्या गाठीत चुन्याचे कण साठतात. ते सीटीत पांढरे चमकतात आणि वाढ खुंटलेल्या मुलाचे निदान होते. तिसरे काम औषधाचे. प्रोलॅक्टिनच्या गाठींवर अर्गटपासून सिद्ध केलेले ब्रोमोक्रिप्टिन हे औषध दिले असता गाठ आकसते, हे एकामागून एक घेतलेल्या सीटी चित्रांनी डोळ्यांपुढे ठेवले. पुष्कळ स्त्रियांची शस्त्रक्रिया टळली. ज्यांना वांझ म्हणून हिणवले गेले, त्यांच्यापैकी कित्येकींच्या घरी पाळणा हलला.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने दुसरी बाजू झाकू नये. १९३६ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधील कॉस्टेलो याने शवविच्छेदनात काढलेल्या एक हजार पोष ग्रंथी तपासल्या होत्या. हयातीत कसलाही त्रास न झालेल्या माणसांतही, शेकडा सुमारे बावीस ग्रंथींत त्याला लहान गाठी आढळल्या. हा निबंध चाळीस वर्षे जिज्ञासेचा विषय म्हणून राहिला. पातळ छेदांची यंत्रे येताच त्याचे भूत जागे झाले. १९८२ साली चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीचा कोणताही विकार नसलेल्या पन्नास माणसांची सीटी चित्रे पाहिली, तेव्हा दहांच्या ग्रंथीत काळसर ठिपके निघाले. म्हणजे चित्रात ठिपका दिसला याचा अर्थ रोग सापडला, असा होत नाही. दाढेतील चांदीच्या भरणामुळेही पट्टे उमटतात आणि गाठीचा भास होतो. उलटपक्षी, कुशिंगच्या रोगातील दाण्याएवढी गाठ सीटीला अनेकदा दिसतच नाही. १९८५ साली ओल्डफील्ड आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंच्या नीलांतून रक्त घेऊन उजवे-डावे ताडण्याचा मार्ग सुचवला, तो यामुळेच. शिवाय क्ष-किरणांचा भार डोळ्याच्या भिंगावर पडतो, हेही विसरता येत नाही.

चित्र काढण्याची सोय झाली की चित्र आधी काढावे आणि विचार मागाहून करावा, असा मोह होतो. ग्रंथीच्या विकारात हा मोह घातक आहे. प्रथम लक्षणे, मग रक्ताची तपासणी, आणि ग्रंथीचा दोष ठरल्यावर चित्र, हा क्रम जुन्या वैद्यांनी कष्टाने बसवला. डोळे जाऊ लागले असता किंवा गाठीत अकस्मात रक्तस्राव होऊन डोके भयंकर दुखू लागले असता चित्र ताबडतोब काढावे लागते, हे खरे. परंतु अपवादाने नियम मोडत नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात चुंबकीय अनुनादाची चित्रणपद्धती पुढे आली आणि पोष ग्रंथीच्या बाबतीत तिने सीटीचे अग्रस्थान घेतले. या पद्धतीस क्ष-किरण लागत नाहीत, मऊ भाग ती अधिक निवडून दाखवते, मान मागे लोंबवावी लागत नाही. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना त्या कार्यासाठी २००३ साली नोबेल मिळाले. सीटीची जागा त्यामुळे आकसली, पण गेली नाही. नाकातून शस्त्रक्रिया करणाऱ्याला वाटेतील हाडांचे पडदे कोठे आहेत ते तीच सांगते. चुन्याचे कण तीच दाखवते. आणीबाणीच्या प्रसंगी, तसेच ज्यांच्या छातीत जुन्या बनावटीचा हृदयप्रेरक असल्याने चुंबकीय यंत्रात जाता येत नाही अशांना, तिचाच आधार असतो. पोष ग्रंथीच्या निदानात ती मुख्य अधिकारी राहिली साधारण दहाबारा वर्षे. इतक्या थोड्या काळात इतके काम करून गेलेले अधिकारी फार नसतात.

आपल्या देशाच्या दृष्टीने यात आणखी एक धागा आहे. १९३७ साली इंग्लंडमधील हॅरल्ड शीहान याने दाखवले की, प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यास पोष ग्रंथी रक्तावाचून मरते. दूध येत नाही, पाळी परत येत नाही, बाई वर्षानुवर्षे थंड, निस्तेज आणि थकलेली राहते. काश्मीरमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वीस वर्षांवरील प्रसूती झालेल्या स्त्रियांत हा विकार शेकडा तीनच्या आसपास असावा असा अंदाज निघाला. त्यांपैकी बहुतेकींची प्रसूती घरीच झालेली होती. दुसरे कारण अधिकच अनपेक्षित आहे. १९८७ साली ब्रह्मदेशातील रुग्णांवरून सिद्ध झाले की घोणस चावून वाचलेल्या काही माणसांची पोष ग्रंथी त्या विषाने निकामी होते. पुढे भारतातही तसे रुग्ण आढळले. घोणस आपल्या कोकणातल्या आणि देशावरच्या शेतकऱ्याला चांगली परिचित आहे. साप चावून वाचला म्हणून गावाने ज्याचे कौतुक केले, तो सहा महिन्यांनी दाढी उगवेनाशी होऊन, गळून अंथरुणाला खिळला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी त्याचे रक्त तपासावे. अशा स्त्रीपुरुषांचे चित्र काढले तर खोगीर पुष्कळदा रिकामे दिसते. येथे रिकामे खोगीर निरुपद्रवी नसते. स्वार कधीच पडला आहे, असे ते सांगते. उपचार मात्र रोजच्या काही गोळ्यांचा आहे, आणि ठाऊक असेल तर साध्या दवाखान्यातही करता येतो.

आमच्या गृहस्थांची शस्त्रक्रिया नाकाच्या मार्गाने झाली. काही महिन्यांत उजव्या डोळ्याची बाहेरची कड परत आली. डाव्याची अर्धवट आली. हातांची सूज उतरली, पण हाडे वाढली ती वाढली. हाडे मागे येत नाहीत. निवृत्तीनंतर ते सांगलीस परतले. दहा वर्षे आधी कळते तर, हा प्रश्न त्यांनी आमच्यापाशी एकदाच काढला आणि पुन्हा कधी काढला नाही. त्यांचा विचार करताना आम्हांला राहून राहून वाटते की यंत्राने सांगितले ते उशिरा सांगितले. आधी सांगणारी व्यक्ती घरातच होती. परप्रांतात बदलीवर असलेल्या माणसाला त्याचा बदललेला चेहरा दाखवणारी जुनी माणसे भोवती नसतात. दर तीन वर्षांनी नवी कचेरी, नवे शेजारी, आणि त्यांना हा चेहरा असाच वाटतो. गावी सुटीवर गेल्यावर एखादी आत्या म्हणते, अरे, तू ओळखू येईनास. ते बोलणे आपण हसण्यावारी नेतो. ते ऐकावे. आणि घरच्या माणसाने हात आपल्या ओळखीचे राहिले नाहीत असे सांगितले, तर जुनी छायाचित्रे काढून दिव्याखाली शेजारी शेजारी मांडावीत. त्याला यंत्र लागत नाही.